गाडी जड झालीय

आमच्या फाटकातून बाहेर पडलं की गल्ली मोठ्या रस्त्याकडे किंचित उतरते. उतार इतका कमी, की पायी जाणाऱ्याला कळतही नाही. गाडीला मात्र तो कळतो. पोर्चमधून मागं घेऊन, फाटकाबाहेर ब्रेक दाबून उभी केली, न्यूट्रल टाकलं आणि पाय उचलला, की आमची मारुती ८०० क्षणभर थांबते आणि मग आपसूक पुढं सरकायला लागते. गेली चोवीस वर्षं हे असंच चाललेलं आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या सरकण्यावरून गाडीची तब्येत ओळखतात.

यंदाच्या एप्रिलमध्ये एका सकाळी ती सरकली नाही. मी पहिला गियर टाकला आणि निघाले. शेजारी बसलेले अण्णा म्हणाले, "गाडी जड झालीय."

मला वाटलं टायरमध्ये हवा कमी असेल. पंपावर तपासली तर हवा बरोबर होती. मग शाळेच्या परीक्षा, पेपर तपासणं यात ते वाक्य मागं पडलं. पेट्रोल जरा लवकर संपतंय हेही लक्षात आलं होतं, पण त्याचा आणि अण्णांच्या वाक्याचा संबंध मी जोडला नाही.

अण्णांनी एसटीत तेहेतीस वर्षं ड्रायव्हरकी केली. कोल्हापूर–रत्नागिरी ही त्यांची जन्माची वाट. २००० साली निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशातून त्यांनी ही तीन वर्षं वापरलेली पांढरी मारुती घेतली. १९९७ सालचं मॉडेल, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमच्यासारखी कितीतरी घरं या गाडीनं पहिल्यांदा चारचाकीत बसवली. आता अण्णा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, गाडी मी चालवते. भाऊ पुण्याहून फोन केला की म्हणतो, मोडीत काढ. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन नोंदणी वाढवून घ्यावी लागते, तेव्हा दर वेळी हा विषय निघतो. दर वेळी मी गाडी पास करून आणते.

डेपोतली एक गोष्ट अण्णांनी मला लहानपणापासून सांगितली आहे. ड्यूटी संपवून गाडी डेपोत लावताना ड्रायव्हरनं गाडीतला दोष लिहून द्यायचा. बरेच जण 'ब्रेक बघणे' एवढं लिहून घरी जायचे. अण्णा तसं कधी लिहीत नसत. "ब्रेक बघणे म्हणजे काय बघणे? मेकॅनिकनं रात्रभर काय शोधायचं? लागत नाही, का उशिरा लागतो, का एका अंगाला ओढतो, का लागल्यावर सुटत नाही? चढाला का उताराला? गाडी रिकामी होती का भरलेली? हे लिहायला दोन ओळी लागतात. त्या लिहायच्या."

मी मराठी शिकवते. चार शब्दांचा हा फरक मला त्यांच्याकडून कळला. ब्रेक 'लागत नाही' हे एक दुखणं. 'ओढतो' हे दुसरं. 'वाजतो' हे तिसरं. आणि 'सुटत नाही', ज्याला गॅरेजात 'ब्रेक धरतोय' म्हणतात, ते चौथं. चारही वेळा गिऱ्हाईक येऊन "ब्रेकचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगतं. एप्रिलच्या शेवटी सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा मीही नेमकं तेच केलं. "गाडी जड वाटते, ब्रेकचं जरा बघा," एवढं सांगून आले. त्या गॅरेजनं पुढचे ब्रेक पॅड नवे घातले, बिल दिलं. दोन-तीन दिवस गाडी बरी वाटली.

मेमध्ये रत्नागिरीला मावशीकडं निघालो. आंब्याच्या पेट्या आणायच्या होत्या, अण्णांना घाट बघायचा होता. बांबवड्यापर्यंत ठीक. पुढं मला जाणवायला लागलं, की ॲक्सिलरेटर नेहमीपेक्षा जास्त दाबावा लागतोय आणि पाय काढला की गाडी पळत राहण्याऐवजी लगेच मंदावते. मलकापूरच्या अलीकडं वास आला. इस्त्री कापडावर जास्त वेळ राहिल्यावर येतो तसला करपट वास, त्यात लोखंडाची धग मिसळलेली. अण्णांनी काच खाली केली, नाक बाहेर काढलं आणि म्हणाले, "बाजूला घे. ब्रेक जोरात दाबू नको. गियर उतरव."

वडाखाली गाडी थांबवली. अण्णा काठी टेकत उतरले आणि चाकाशी वाकले. त्यांनी चाकाला हात लावला नाही, हाताची मागची बाजू रिमपासून वीतभर लांब धरली. आधी उजवं पुढचं चाक, मग मागची दोन्ही, शेवटी डावं पुढचं. तिथं त्यांनी हात झटकन मागं घेतला. मीही तसाच हात नेऊन बघितला. उजव्या चाकापाशी नुसती कोमट हवा लागली, डाव्यापाशी चुलीसमोर बसल्यासारखी झळ.

मी डिकीतून पाण्याची बाटली काढली तर अण्णा ओरडले. पुढच्या चाकाबरोबर फिरणारी आणि पॅड जिला दोन्ही बाजूंनी दाबून थांबवतात ती तबकडी म्हणजे डिस्क. एवढ्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर तिचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एका बाजूनं एकदम आकसतं. डिस्क वाकडी होते, कधी तडकते. तिला वाऱ्यावरच गार होऊ द्यायचं.

बसल्या बसल्या त्यांनी मला पुढचा घाट समजावला. आंबा घाट उतरताना डाव्या चाकाचा ब्रेक असाच तापत राहिला असता, तर कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यासारख्या भागातलं, ब्रेक ऑइल उकळलं असतं. ऑइल म्हणतात सगळे, पण ते वंगणाचं तेल नव्हे. ते हवेतलं पाणी शोषून घेणारं रसायन आहे. डॉट ३ जातीचं नवं, कोरडं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. दोन-तीन वर्षांत ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० वर येतो. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणजे पायानं दिलेला सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यात जातो आणि पेडल तळाला जाऊन टेकतं. जो ब्रेक सुटत नाही म्हणून आपण गाडी थांबवली, तोच पुढं घाटात लागेनासा झाला असता. न सुटणारा ब्रेक म्हणजे फार तर पेट्रोल जास्त जाईल, एवढीच तोवर माझी समजूत होती.

पाऊण तासानं चाक निवलं. मी न्यूट्रल टाकून गाडीला धक्का दिला तर ती सहज हलली. मला हायसं वाटलं. "सुटला की. चला हळूहळू पुढं."

"सुटला ते दिसतंय," अण्णा म्हणाले. "का धरला होता ते कळलं का?"

आम्ही मागं फिरलो. वेग कमी ठेवून, शक्यतो गियरवर गाडी आवरत, दर सात-आठ किलोमीटरला उतरून चाक बघत कोल्हापूर गाठलं. मावशीला फोन करून आंबे कुणाकडून तरी पाठवायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगर. शिवाजी उद्यमनगरात ज्यानं पाय ठेवला नाही त्याला कोल्हापूर अर्धंच दिसलं, असं माझं ठाम मत आहे. दहा बाय बाराच्या गाळ्यात लेथ, बाहेर फुटपाथवर लोखंडाचा कीस, समोरच्या गाळ्यात शाफ्टला वेल्डिंग चाललेलं. शेतीपंप असो, ऑइल इंजिन असो, नाहीतर बाजारात मिळायचा बंद झालेला एखादा बुश असो, इथं कुणीतरी तो करून देतो. या भागातले एक मिस्त्रीमामा अण्णांच्या ओळखीचे. वय सत्तरीकडं झुकलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

मामांनी पान्याला हात लावला नाही. आधी विचारलं, "ताई, गार असताना धरतोय का तापल्यावर?"

"सकाळी फाटकातही धरतो मामा. तापल्यावर जास्त."

"एकच चाक का दोन्ही?"

"एकच. डावं पुढचं."

"धरल्यावर लगेच सुटतोय का येळ घेतोय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अण्णा म्हणाले, "वेळ घेतोय. गार झाल्यावर आपोआप सुटला."

वर्गात वाक्याचा अन्वय शिकवताना आम्ही क्रियापदाला प्रश्न विचारतो: कोण? काय? कुणाला? प्रश्न योग्य क्रमानं विचारले की कर्ता-कर्म आपोआप वेगळे होतात. मामांचे तीन प्रश्न ऐकताना मला तेच आठवत होतं. एकच चाक म्हटल्याबरोबर मास्टर सिलिंडरवरचा, म्हणजे पेडलचा जोर ऑइलमार्फत चाकांकडं पाठवणाऱ्या भागावरचा, त्यांचा संशय बराचसा कमी झाला, कारण तिथला दोष एका चाकावर थांबत नाही.

मामा शिकले फियाटवर. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या आणि लोक फियाटच म्हणत त्या प्रीमिअर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे डबीसारख्या ड्रमला आतून लायनर घासून थांबवणारे, आणि कोल्हापुरात त्या काळी अशा पुष्कळ गाड्या. त्यांनी एक किस्सा सांगितला तो इथं नोंदवून ठेवते, कारण तो आजच्या गाड्यांनाही लागू आहे. एका फियाटचा ब्रेक सकाळी चांगला, दुपारी चारही चाकं जाम. मालकानं चारही चाकांचे लायनर, व्हील सिलिंडर सगळं बदललं, तरी तेच. मामांच्या उस्तादांनी पेडल नुसतं हातानं दाबून बघितलं. पेडलला सुरुवातीला थोडा ढिलेपणा हवा, तो नव्हताच. कुणीतरी पेडल उंच यावं म्हणून आतला दांडा जास्त बाहेर काढला होता. त्यामुळं मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागं येतच नव्हता, आणि ऑइल टाकीकडं परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहत होतं. गाडी चालेल तसं ऑइल तापून प्रसरण पावायचं, जायला वाट नाही, मग ते चाकांवरच जोर करायचं. दांडा दोन आटे मागं घेतला आणि गाडी बरी झाली. मामांनी हे सांगता सांगता आमच्या गाडीचं पेडल बोटानं दाबून बघितलं. ढिलेपणा होता.

मग जॅक लावला, मागच्या चाकांना दगड लावले, पुढं स्टँड दिले. डावं चाक हातानं फिरवलं. फिरलं. बारीक खसखस येत होती. डिस्कला पॅड जवळजवळ टेकलेलेच असतात, तेवढी खसखस येणारच. मामा म्हणाले, "ताई, आत बसा. पाच-सहा वेळा जोरात ब्रेक मारा आणि पाय काढा." मी मारले. त्यांनी चाक फिरवायला घेतलं तर ते हललं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं आणि नुसते बसून राहिले. साधारण तीन मिनिटांनी चाक हळूहळू सुटलं.

"आता परत मारा."

चाक परत जाम. या वेळी त्यांनी कॅलिपरच्या निप्पलवर, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या बारीक तोटीवर, पाना लावून पाव फेरा दिला. काळपट ऑइलची चिळकांडी उडाली आणि त्याच क्षणी, त्यांच्या दुसऱ्या हाताखाली, चाक मोकळं झालं.

"अडकलाय तो दाब. लोखंड न्हाई."

एवढ्या एका कृतीनं अर्धी गाडी निर्दोष सुटली. निप्पल सोडूनही चाक जाम राहिलं असतं तर पिस्टन गंजलेला, किंवा ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या सुकलेल्या. आता प्रश्न एवढाच, की दाब कुठं अडकलाय. निप्पल बंद करून मी पुन्हा ब्रेक मारले, चाक पुन्हा धरलं. आता मामांनी पाना वर नेला. मडगार्डच्या आत लोखंडी पाइप जिथं कॅलिपरकडं जाणाऱ्या रबरी होजला, म्हणजे नळीला, जोडतो, तो नट त्यांनी ढिला केला. दोन थेंब आले. चाक जाम ते जामच.

वरची वाट मोकळी केली तरी दाब सुटत नाही, खालची केली तर सुटतो. मधे उरली वीत-दीड वीत लांबीची रबरी होज.

मी वाकून ती बघितली. वरून ठणठणीत; चीर नाही, फुगवटा नाही, ओल नाही. मामांनी ती काढली, बाकावर ठेवली आणि ब्लेडनं उभी चिरली. आतली भिंत फुगून आत आली होती. मोकळी वाट असायला हवी तिथं टाचणी जेमतेम जाईल एवढी फट, आणि एका जागी आतला पापुद्रा सुटून जिभेसारखा लोंबत होता. मी नखानं ती जीभ एका दिशेला ढकलली तर ती भिंतीला चिकटली. उलट ढकलली तर वाट बंद झाली.

पायाचा जोर मोठा. तो ऑइलला त्या फटीतूनही खाली ढकलतो, म्हणून ब्रेक लागतो. परतीचा जोर मात्र फार नाजूक. इथं मामांनी मला जे दाखवलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी जुन्या कॅलिपर किटमधलं पिस्टनचं रबर हातात दिलं. बांगडीसारखं गोल, पण कड चौकोनी. डिस्क ब्रेकला ड्रमसारखी ओढून घेणारी स्प्रिंग नसते. पिस्टन पुढं सरकतो तेव्हा त्याला धरून बसलेलं हे चौकोनी रबर किंचित पिळलं जातं. पाय उचलला की ते आपला पीळ सोडतं आणि पिस्टनला केसभर मागं आणतं. बस, तेवढंच. एवढ्या वजनाची गाडी मोकळी पळते ती या केसभर अंतरावर. वाटेत ती जीभ आली की या रबराचा जोर ऑइलला मागं ढकलायला पुरत नाही.

काढलेले नवे पॅड मामांनी माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही सारखेच झिजलेले, दोन्ही काचेसारखे चकचकीत झालेले. एकच पॅड जास्त खाल्ला असता तर पिनांचा दोष; इथं दोन्ही सारखे, म्हणजे कॅलिपर नीट सरकतोय. निप्पल उघडून पिस्टन दाबला तर तो मुकाट आत गेला, म्हणजे गंज नाही. पॅडही बोलतात, पण ते काढणाऱ्यानं बघायला हवेत.

होज अशी का झाली? मुख्य कारण वय. पण मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पॅड बदलताना कॅलिपर सुटतो, तेव्हा काही जण तो होजवरच लोंबकळत सोडतात. त्या वजनानं जुन्या होजचा आतला थर सुटतो. त्यांनी स्वतः कॅलिपर सोडला तेव्हा आधी बाइंडिंग तारेचा तुकडा वाकवून त्याला चाकामागच्या स्प्रिंगला टांगलं होतं. किती साधी गोष्ट, आणि किती निगुतीची. त्या आधीच्या गॅरेजात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. मी तिथं थांबले नव्हते.

दोन्ही बाजूंच्या होज बदलल्या, कारण उजवीचंही वय तेवढंच. पॅडच्या जोडीपेक्षा हे काम स्वस्तात झालं. चकचकीत झालेले पॅड मात्र परत नवे घालावे लागले. मागचे ड्रमही उघडले. कोल्हापूरच्या पावसात हँडब्रेक ओढून गाडी महिनाभर उभी ठेवली की लायनर ड्रमला चिकटतात. अण्णा दवाखान्यात होते त्या पावसाळ्यात आमची अशीच चिकटली होती आणि लाकडी हातोडीनं ड्रम चहूबाजूंनी ठोकून सोडवावी लागली होती. तेव्हापासून पावसाळ्यात गाडी गियरमध्ये उभी असते, चाकाला दगड लावलेला असतो, हँडब्रेक मोकळा.

शेवटी ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायचं काम. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांब मागचं डावं चाक, म्हणून सुरुवात तिथून. मी पेडलवर, मामा निप्पलपाशी, नळीचं टोक ऑइल असलेल्या बरणीत बुडवलेलं. "दाबा… धरा…" पाना फिरला की पायाखालचं पेडल खाली जातं. "धरून ठेवा… आता सोडा." पाना बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत जाते, म्हणून आवाजाकडं कान. बरणीत आधी गुळाच्या चहासारखं ऑइल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर धार. अण्णा खुर्ची टाकून टाकीतली पातळी बघत बसले होते आणि ती उतरली की हाक देत होते. बॉनेटवर सांडलेले दोन थेंब मामांच्या पोरानं लगेच पाण्यानं धुतले, कारण हे ऑइल रंग खातं. तासभर आम्ही तिघं दुसरं काही बोललो नाही.

संध्याकाळी घरी आलो. मी मुद्दाम गाडी आधी पोर्चमध्ये नेली, मागं घेतली, फाटकाबाहेर ब्रेक दाबून उभी केली. न्यूट्रल टाकलं आणि पाय उचलला. क्षणभर काही झालं नाही. मग फाटकाचा खांब काचेतून हळूच मागं जायला लागला.

अण्णांनी कप्प्यातून वही काढली. त्यांची ती सवय अजून आहे. किलोमीटर, पेट्रोल, दोष सगळं त्यात असतं. थरथरत्या हातानं, पण सुट्या अक्षरात त्यांनी लिहिलं: 'पुढील डावे चाक. ब्रेक दाबल्यावर धरतो, तीन मिनिटांनी सुटतो. होज आतून फुगलेली. दोन्ही होज नव्या, पॅड नवे, ऑइल नवे.' थोडा वेळ पेन तसंच धरून बसले. मग खाली आणखी एक ओळ लिहून वही माझ्याकडं दिली.

'आंबा घाट उतरण्यास हरकत नाही.'